चौकोनी आस

उधाण असं नाव घेतलंय त्यांनी.
कुठे बसतात ठाऊक नाही. पुण्यात म्हणे,
कुणी म्हणतं परदेशात.
माझा पुतण्या पराग म्हणतो, कुठेही.

मंगळवारी रात्री कंपनीचं कुलूप त्यांनी उघडलं
आणि सकाळी पाजपंढरीतल्या प्रत्येक मोबाइलवर
जेटीची अख्खी फाइल, चारशे साठ पानं,
वर एकच ओळ:
समुद्राचा सातबारा कुणाच्या बापाच्या नावावर नाही.

मी सोसायटीत क्लार्क. डिझेलचे परतावे भरतो, सव्वीस वर्षं.
चौदावं पान मीच मोठ्याने वाचलं, ओट्यावर उभा राहून:
'खाडीच्या मुखाशी माशांची वीण आढळली नाही.'
अहवाल फेब्रुवारीतला.
पाहणीची होडी आली एप्रिलात,
गंगाराम चोगल्याचीच भाड्याने घेतलेली,
पावती माझ्या वहीत आहे.
सुकट पसरता पसरता बाया हसल्या, एकीने शिवी हासडली.
गणपतीतले उरलेले फटाके फुटले.
मीही पेढा खाल्ला.

दोनशे बाराव्या पानाशी तेव्हा कुणी पोचलं नव्हतं.

हर्णैची जुलेखा सोलकर दुपारी आली,
शटर अर्धं खाली असताना.
'माझी ओळ वाच. पोराने वाचली, सांगत नाही.'
नाव. आधार. खाते क्रमांक.
संमती: होय. चाळीस हजार.
शेरा: नवऱ्याचं कुवेतला दुसरं घर, पैसे येत नाहीत, लवकर वळेल.

तिला ठाऊक होतं. गावाला नव्हतं.
'हे लिहिलं कुणी?'
कंपनीने, मी म्हटलं.
'आणि चव्हाट्यावर टांगलं कुणी?'

रात्री क्षितिजावर दिव्यांची माळ दिसते हल्ली.
एलईडीच्या बोटी. जनरेटर लावून पाण्यात उजेड सोडतात
आणि पाण्याला वाटतं, उजाडलं.
बांगडा येतो, त्याच्यामागे सुरमई,
आणि बोटाएवढी पिल्लं, ज्यांना अजून नीट खवलंही नाहीत.
बंदी आहे. बंदीला कोण विचारतो.

पराग म्हणाला, 'काका, काय दाखवायचं न् काय झाकायचं
हे ठरवत बसलो तर कंपनीत न् आपल्यात फरक काय?'
मी म्हटलं, जाळं टाकणाऱ्याने ठरवायचंच असतं रे.
बंदरावर साहेब पट्टी घेऊन येतो, आस मोजतो.
चौकोनी हवा. चौकोनी आस ओढ बसली तरी मिटत नाही,
बारक्याला निसटायला वाट राहते.
तो गप्प. मग म्हणाला,
'आणि कुलूप उघडलंच नसतं, तर तुमचं चौदावं पान?'
ह्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

एक राहिलं.
दोनशे बाराव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात:
माहिती स्थानिक सूत्राकडून, सोसायटी.
गावाने अजून जुळवलेलं नाही.
सहा हजार, दोन हप्त्यांत.
मला वाटलं, सर्व्हे आहे.
नाही. तसं वाटलं नव्हतं.
कोण कशाने वळेल, एवढंच विचारलं त्यांनी,
ह्याच टेबलाशी, चहा पीत.
माझा पासवर्ड कुणी चोरला नाही.

काल उधाणला पत्र लिहिलं, पत्ता फाइलीच्या शेवटी होता.
ते पान काढा. ही माणसं म्हणजे कंपनी नव्हे.
दोन मिनिटांत उत्तर:
'कुणाकुणाच्या ओळी पुसू? यादी द्या.'

तीस नावं लिहिली. जुलेखाचं पहिलं.
मग तळाच्या ओळीपाशी आलो.
तीही बारकीच आहे, म्हटलं तर.
बाहेर दिव्यांची माळ थोडी सरकली, दक्षिणेला.

यादी अजून पाठवलेली नाही.